म्हातारीच्या चाकातला पीळ

१

दादाला गाडीखालून काढायला सहा माणसं लागली. चौघांनी पहार घालून गाडी उचलली, दोघांनी पाय धरून ओढलं. एक पाय ताईच्या हातात होता, दुसरा धाकट्याच्या. छातीवर चाकाच्या ड्रमचा गोल शिक्का बसला होता, शर्टासकट आत. तोंडातून आलेलं रक्त कानात जाऊन साचलं होतं. डोळे उघडेच. चेहऱ्यावर भाव असा, की कुणी चुकीच्या मापाचा पाना हातात दिलाय.

गॅरेज तिघा भावंडांचं. दादा सगळ्यात मोठा, इंजिनवाला. धाकटा गाडीच्या पोटाखालची कामं करायचा. मधली ताई, तिचं फाटकाशी टायरचं दुकान. पंचेचाळिशीची बाई, दंड एखाद्या पैलवानासारखे. ट्रकचा टायर रिंगवरून एकटी उतरवायची. सकाळी पावणेअकराला ती तेच करत होती, घणाने टायर ठोकत होती. म्हणून आधी काही ऐकूच आलं नाही. ऐकू आला तो फक्त शेवटचा आवाज. धप्प. आणि त्यानंतर काहीच नाही.

दादाच्या छातीवर पडलेली गाडी आळीतल्या निवृत्त मास्तरांची. पंचवीस वर्षं जुनी फोर बाय फोर, खाकी रंगाची, हाडं वाजणारी. अख्खी आळी तिला म्हातारी म्हणायची. आवारातल्या चढावर ती नाक वर करून होती, मागचं डावं चाक काढून बाजूला ठेवलं होतं. जॅक आडवा पडला होता. आणि उजव्या मागच्या चाकामागे जो लाकडी ठोकळा असायला हवा, तो चार हात लांब, भिंतीपाशी.

"ठोकळा कोणी लावला होता?" शेजारचा पत्रा ठोकणारा डेंटर ओरडला.

"मी," धाकटा म्हणाला. "मीच लावला. नीट लावला होता."

"मग तो तिकडे काय हवा खायला गेला?"

"मला काय माहीत! मी मागच्या खोलीत ब्रेकसाठी नवी नळी शोधत होतो."

"काल काय म्हणाला होतास रे दादाला? सगळ्यांनी ऐकलंय. एक दिवस छातीवर गाडी येईल तेव्हा कळेल, असं म्हणाला होतास ना?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण उत्तर यायच्या आत डेंटरचा जुना फॅनबेल्ट त्याच्या तोंडावर बसला. ओठ फाटला. मग काय, सगळ्यांचेच हात शिवशिवत होते. कुणी पोटात लाथ घातली, कुणी केस धरून डोकं बॉनेटवर आपटलं. धाकटा मार चुकवत नव्हता. तो दादाकडेच बघत होता.

ताई मध्ये घुसली. एकाच्या मनगटावर टायर काढायची लोखंडी लिव्हर हाणली, दुसऱ्याच्या नडगीवर. "एक मेलाय माझा! दुसऱ्याला हात लावाल तर तिसरा तुमच्यातला असेल!"

गर्दी मागे सरली. ताई धापा टाकत म्हातारीच्या पुढच्या चाकाला टेकून खाली बसली. आणि बसल्या बसल्या तिची नजर चाकाच्या मधोमध गेली.

तिथली चकती फिरवलेली होती.

२

फौजदार तरुण होता. याच आळीत वाढलेला. दादाला बघून आधी बाहेर जाऊन उलटी करून आला.

"ताई, समजून घ्या," तो म्हणाला. "ठोकळा नीट बसला नव्हता. भावाची चूक. हलगर्जीपणा म्हणून घेतो लिहून. होईल थोडी शिक्षा."

ताई म्हणाली, "ठोकळ्याने गाडी पडत नाही. इकडे या."

तिने त्याला पुढच्या उजव्या चाकापाशी बसवलं. "ही चकती दिसते? हा हब. दोन्ही पुढच्या चाकांना एकेक असतो. लॉकवर फिरवला की पुढची चाकं इंजिनाला जोडली जातात. फ्रीवर फिरवला की नुसती मोकळी फिरतात. कळलं?"

"कळलं."

"आता या गाडीचा हँडब्रेक. तो चाकांना नाहीच, मधल्या दांड्याला आहे. मागचं एक चाक उचललं की ते मोकळं फिरतं, मग हँडब्रेक म्हणजे नुसता देखावा, गाडी उतारावर घरंगळणार. तेव्हा गाडीला धरून ठेवतात ती पुढची चाकं. तीही कधी? दोन्ही हब लॉक असतील तर. एक जरी सोडला तरी पुढचं धरणं गेलं. मग उरला फक्त ठोकळा."

फौजदाराने चकतीकडे पाहिलं. डावी लॉकवर होती. उजवी फ्रीवर.

"म्हणजे कुणीतरी आधी हा सोडला..."

"आणि मग ठोकळा उडवला. बघा, ठोकळ्यावर हातोड्याचे ताजे दोन घाव आहेत. हब लॉक असता तर दहा ठोकळे काढले असते तरी म्हातारी जागची हलली नसती."

फौजदार उठला. गुडघे झटकले.

"ताई," तो म्हणाला, "म्हणजे ही चूक नव्हती. खून होता."

"तेच सांगतेय मी."

"मग तुम्हीच आता भावाच्या गळ्यात दोर अडकवलात. ही युक्ती माहीत असलेला, आदल्या दिवशी धमकी दिलेला आणि त्या वेळी आवारात असलेला माणूस कोण?"

ताई धाकट्याला वाचवायला गेली आणि हलगर्जीपणाचा खून करून बसली.

"आवारात अजून दोघं होते," ती कशीबशी म्हणाली. "वायरमन होता. मास्तर होते."

"मास्तर?" फौजदाराने असं पाहिलं की जणू तिने देवळातल्या मूर्तीवर आळ घेतला. "मला पाढे त्यांनी शिकवलेत. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा जावई गेला, ठाऊक आहे ना? खाणीच्या रस्त्यावर मोटारसायकलसकट चिरडला. ट्रकवाल्याने एकदा उडवला, मागे घेतला आणि परत वरून नेला. मी स्वतः फावड्याने गोळा केला त्याला. त्या म्हाताऱ्यावर आधीच आभाळ कोसळलंय. आणि ते तर जॅक लावायच्या आधीच घरी गेले होते."

"कोण म्हणतं?"

"तेच म्हणतात. निरोप पाठवला होता मी." त्याने धाकट्याच्या हातात बेड्या घातल्या आणि त्याला कंप्रेसरच्या पाइपाला अडकवून बसवलं. "पाचला ठाण्याची गाडी येईल. तोवर तुम्हाला काय शोधायचंय ते शोधा. पाचनंतर माझ्या हातात काही नाही."

बारा वाजून गेले होते.

३

ताई आधी दादाच्या टेबलाकडे गेली.

दादाची एक सवय होती, तिच्यावरून आळीभर चेष्टा व्हायची. गाडीतून जे निघेल ते टेबलावर ठेवायचं आणि त्याच्याभोवती खडूने त्याच आकाराची रेघ मारायची. बोल्ट असो, वायसर असो, उंदराचं घरटं असो. मालक आला की रांगेने दाखवायचं: हे तुमचं, हेही तुमचं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सीटखाली तिसऱ्याच बाईचं पैंजण निघालं, तेही दादाने त्याच्या बायकोसमोर रेघ मारून ठेवलेलं.

म्हातारी कालच आली होती. इंजिन तापतं म्हणून. दादाने काल तिचं तोंड उघडलं होतं. टेबलावर आज चार वस्तू होत्या: तुटका बेल्ट, थर्मोस्टॅट, कुजलेला पाइप, एक पट्टी.

रेघा पाच होत्या.

पाचव्या रेघेत काहीच नव्हतं. आकार लहान होता. मध्ये गोल आणि दोन्ही बाजूंना शेपट्या. एक शेपटी लांब, एक तुटल्यासारखी आखूड.

गाडीचा कुठलाच भाग असा नसतो. ताई टेबलाशी उभ्यानेच हाताचा अंगठा चावत राहिली.

वायरमन मागच्या कोपऱ्यात बॅटऱ्यांपाशी उकिडवा बसला होता. पंचविशीचा, तोंडाळ. गेल्याच आठवड्यात दादाने त्याला सगळ्यांदेखत कानफटात मारली होती, उलटी वायर जोडली म्हणून. त्याच्या उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली होती, चिंधीवर रक्त.

"हाताला काय झालं?" ताईने विचारलं.

"कातडी सोलली."

"कशाने?"

"ताई, तुम्ही असं बघू नका हो. मी कानफटीचा राग कानातच ठेवतो, छातीपर्यंत जाऊ देत नाही."

"कशाने सोलली ते सांग."

"तुमच्या भावाने सोलली! म्हणजे, त्याच्यामुळे." वायरमनने चिंधी सोडून दाखवली. तळव्याच्या मधोमध गोल साल गेलेली. "सकाळी दादाने म्हातारीला फोर बाय फोरमध्ये टाकून या फरशीवर तीन गोल चकरा मारल्या. मास्तर म्हणत होते ना, स्टिअरिंग जड झालंय, वळताना धक्के मारते. काय किंचाळत होते टायर! मग गाडी लावली आणि मला म्हणाला, उजवा हब सोडून बघ रे. मी दोन्ही हातांनी जोर लावला, अगदी बूड वर करून. हलतोय कुठे! दादा हसायला लागला. म्हणाला, राहू दे, तुझ्या आजोबांनाही सुटायचा नाही. लॉकच असू दे, बरंच आहे. चाक उचललं की आपोआप सुटेल."

"तेव्हा मास्तर कुठे होते?"

"टेबलापाशी. दादाचं प्रदर्शन बघत होते. त्यांनी ऐकलं नसेल, कंप्रेसर सुरू होता. मग मी हात धुवून इकडे आलो. चार्जर लावला. हा घरघरायला लागला की कानाशी तोफ उडाली तरी कळत नाही."

"तुला बघितलं का कुणी इथे?"

"बॅटऱ्यांनी," वायरमन म्हणाला. मग त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो एकदम रडायलाच लागला. "ताई, कानफटात मारल्यावर संध्याकाळी मला घरी जेवायला नेलं होतं हो त्याने."

ताई धाकट्याकडे गेली. त्याचा एक डोळा पूर्ण बंद झाला होता. जमिनीवर थुंकला तर दात पडला.

"काल दादाशी का भांडलास?"

"घोडीवरून," तो म्हणाला. घोडी म्हणजे जॅकशेजारी लावायचा लोखंडी आधार. "रोज सांगतो, घोडी लावल्याशिवाय आत शिरू नको. रोज म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे. काल माझं डोकं सटकलं. म्हटलं, एक दिवस छातीवर गाडी येईल तेव्हा कळेल." त्याने बेड्यांचे हात तोंडावर घेतले. "आली ना, ताई."

तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. मग उठून म्हातारीच्या मागे गेली आणि काढून ठेवलेलं चाक उभं केलं. टायर तिचा धंदा. दुसऱ्या कुणाला जे दिसलं नसतं, ते तिला लांबूनच टोचत होतं.

हा टायर बाकीच्या तिघांपेक्षा दोन बोटं बुटका होता.

४

मास्तरांचं घर दोन गल्ल्या पलीकडे. दार मुलीने उघडलं. विधवा होऊन तीन आठवडे झालेली, तिशीच्या आतली पोर. तिने पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा बाही वर सरकली. दंडावर बोटांचे चार ठसे होते, पिवळे पडत चाललेले. गळ्याखालीही एक. ताईने पाणी प्यायलं, पेला परत दिला.

"नवरा मारायचा?" तिने हळूच विचारलं.

मुलीने बाही खाली ओढली. "आता नाही मारत," ती म्हणाली आणि आत गेली.

मास्तर आरामखुर्चीत बसले होते. पासष्टीचे, बारीक, स्वच्छ पांढरे कपडे. ताईला बघून त्यांचे डोळे भरून आले.

"ये गं पोरी. काय हे झालं! माझ्याच गाडीखाली..."

"मास्तर, थोडंच विचारते. हब कोणी सोडला, उजवा?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. हात पुसायचा रुमाल त्यांच्या मांडीवर होता. त्याला काळं ग्रीस लागलेलं होतं. ताईने रुमालाकडे पाहिलं, आणि ती पाहतेय हे त्यांनी पाहिलं.

"मीच सोडला," ते म्हणाले. "दादाने चकरा मारून गाडी लावली. मला म्हणाला, मास्तर, जाता जाता तेवढा उजवा हब सोडा. मी सोडला आणि निघालो. जॅक तेव्हा भिंतीलाच होता. त्यातून हे असं होईल हे मला... अगं, मीच मारलं का गं त्याला?"

काय सुंदर उत्तर होतं. ग्रीस, हब, सगळं एका दमात झाकलं. वर अपराधी वाटून रडणारा म्हातारा. ताईलाच वाईट वाटलं.

"सहज सुटला?"

"हो, हाताने. का?"

"काही नाही. मागचा टायर कधी बदललात?"

"तो होय, झाले वीसेक दिवस, पंक्चर झाला होता. स्टेपनी लावली मीच."

"पंक्चर टायर कुठाय?"

"आहे अडगळीत. आणतो कधीतरी."

ताई उठली. पंचवीस वर्षं. पंचवीस वर्षांत मास्तरांचा टायर सकाळी बसला की दुपारी तिच्या दुकानात. स्टेपनीशिवाय हा माणूस गल्लीच्या टोकाला जायचा नाही. आधी तिच्या सासऱ्याकडे यायचे, मग नवऱ्याकडे, तो गेल्यावर तिच्याकडे. आणि आता तीन आठवडे टायर अडगळीत?

तीन आठवडे.

"मास्तर," ती दारातून म्हणाली, "साडेचारला गॅरेजवर याल? फौजदार सगळ्यांचं एकदा लिहून घेतायत. तुम्ही सांगितलंत तर धाकट्यावरचा खुनाचा आळ पुन्हा हलगर्जीपणावर येईल."

"येतो ना," मास्तर म्हणाले. "तेवढं तर केलंच पाहिजे."

बाहेर पडल्यावर ताईने भिंतीवर बोटाने एक गोल काढला, दोन्ही बाजूंना शेपट्या.  त्या रिकाम्या रेघेचा आकार कशाचा होता, ते तिला आता कळलं होतं.

५

साडेचारला आवारात पाच जण. ताई, फौजदार, वायरमन, मास्तर आणि पाइपाशी बसलेला धाकटा. फाटकापलीकडे अख्खी आळी, त्यात डेंटरही, मनगट सुजलेला.

ताईने म्हातारीला तोच बुटका टायर परत लावला होता. रक्त पडलेल्या जागेवर पोतं टाकलं होतं.

"ताई, खेळ नकोत," फौजदार म्हणाला.

"खेळ नाही. दोन माणसं दोन गोष्टी सांगतायत. हा म्हणतो, चकरांनंतर हब हलत नव्हता. मास्तर म्हणतात, हाताने सुटला. दोघांतला एक खोटं बोलतोय. माणूस खोटं बोलेल, म्हातारीला ते जमत नाही."

तिने दोन्ही हब लॉक केले, गाडीत बसली, फोर बाय फोरचा दांडा टाकला आणि फरशीवर तीन गोल चकरा मारल्या. टायर असे किंचाळले की फाटकातल्या बायांनी कान झाकले. मग चढावर, दादाने लावली होती तिथेच, नाक वर करून गाडी लावली. गिअर, हँडब्रेक. मागे ठोकळा.

"मास्तर, सकाळी सोडलात तसा सोडा."

मास्तर पुढे आले. चकती धरली. फिरवली. पुन्हा फिरवली. त्यांच्या मानेवरच्या शिरा उभ्या राहिल्या.

"माझा हात आता..."

"फौजदार, तुम्ही बघा."

फौजदाराने दोन्ही हात लावले. चेहरा लाल झाला. काही नाही. फाटकातून डेंटर म्हणाला, "सरका, मी बघतो," आणि चांगल्या हाताने लटकला. त्याचीही कातडी गेली.

"बुटका टायर जास्त फेरे मारतो," ताई म्हणाली. "पुढची चाकं वेगळी धावतात, मागची वेगळी, आणि फोर बाय फोरमध्ये ती एकमेकांना बांधलेली. कच्च्या रस्त्यावर टायर घसरून मोकळे होतात. फरशीवर घसरत नाहीत. मग सगळा पीळ आतल्या दांड्यांत बसतो आणि हब आवळतो. मास्तर, पंचवीस वर्षं तुम्ही चारही टायर एका मापाचे ठेवलेत. तुम्हाला हा पीळ कधी दिसलाच नाही. नाहीतर असं बोलला नसतात."

तिने जॅक सरकवला. मागचं डावं चाक उचलायला लागली. जमिनीपासून बोटभर सुटलं आणि टक्कन आवाज झाला. उचललेलं चाक आपलं आपणच गर्रकन फिरलं. गाडी केसभर मागे सरून ठोकळ्यावर बसली.

"आता सोड रे," ती वायरमनला म्हणाली.

त्याने चिंधी बांधलेल्या हाताची दोन बोटं लावली. हब फिरला. नुसता फिरला, बाटलीच्या टोपणासारखा.



"हब सुटला तो चाक उचलल्यावर," ताई म्हणाली. "तोवर दादा आत शिरला होता. मास्तर म्हणतात, सोडला मीच. म्हणजे मास्तर तेव्हा इथे होते. हाताला ग्रीस लागलं ते तेव्हा. का होते, तेही सांगते. दादाला काल रेडिएटरखाली एक वस्तू सापडली. त्याने तिच्याभोवती रेघ मारली. ती वस्तू म्हणजे मनगटावरचं घड्याळ होतं, पट्टा तुटलेलं. फौजदार, तुम्ही जावयाला फावड्याने गोळा केलात ना? घड्याळ मिळालं होतं?"

फौजदार पांढरा पडला. "नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी काढून नेलं."

"मास्तरांच्या अडगळीतला टायर बघा. मोटारसायकलच्या लोखंडाने फाटलेला असेल. म्हणून तो माझ्याकडे आला नाही. नाहीतर त्यांच्या मुलीला विचारा, तिला..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही.

६

मास्तरांनी टायर लिव्हर कधी उचलली ते कुणालाच दिसलं नाही. पहिला घाव ताईच्या डोक्यावर येत होता, तिने हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत गेला. दुसरा घाव फौजदाराच्या गुडघ्यावर. तो कोसळला. तिसरा पुन्हा ताईवर.

"तिचं नाव घेऊ नको!" मास्तर ओरडत होते. ज्या माणसाने वर्गात कधी आवाज चढवला नाही, त्याच्या तोंडाला फेस होता. "तिचं नाव घ्यायचं नाही!"

तिसरा घाव बसलाच नाही. कंप्रेसरचा पाइप उपसून धाकटा मागून आला होता. बेड्यांची साखळी त्याने मास्तरांच्या गळ्यात टाकली, पाठीत गुडघा रोवला आणि ओढलं. मास्तरांचे पाय फरशीवर तडफडायला लागले. जीभ बाहेर आली. बुबुळं वर गेली.

"ओढ!" फाटकातून कुणीतरी ओरडलं. सकाळी धाकट्याला मारणारेच ते. "ओढ, सोडू नको!"

ताई मोडका हात पोटाशी धरून सरपटत गेली. "सोड त्याला."

"दादाला मारलंय याने!"

"सोड म्हटलं ना! सकाळपासून दारोदार सांगत फिरतेय, माझा भाऊ खुनी नाही. आणि तू पाचाच्या आत होऊन दाखवतोस? मी कुणाकडे बघायचं मग?"

 धाकटा रडत होता, दात विचकून. मग साखळी सैल पडली. मास्तर तोंडावर आपटले आणि खोकत राहिले.

खोकला थांबल्यावर मास्तर उठून बसले, चाकाला पाठ टेकून. खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून फरशीवर ठेवली. काच फुटलेलं, पट्टा तुटलेलं घड्याळ.

"लग्नात मीच दिलं होतं त्याला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दादाच आला होता माझ्याबरोबर घ्यायला. म्हणून त्याने ओळखलं. फेकायला गेलो, फेकवेना."

"जावयाला तुम्ही मारलंत?" फौजदार जमिनीवरूनच म्हणाला. त्याच्या तोंडून अजूनही "सर" निघत होतं, ते त्याने गिळलं.

"मारलं. पोरीचा गळा दाबला होता त्याने त्या दिवशी. एकदा गाडी घातली, हलत होता, म्हणून परत घातली. त्याचं मला काही वाटत नाही. उद्या उठला तर परत घालीन."

"आणि दादाचं?" ताईने विचारलं.

मास्तरांनी खाली पाहिलं.

"तो म्हणाला, मास्तर, कळतंय मला सगळं. पण संध्याकाळपर्यंत तुम्ही स्वतः जाऊन सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल. उद्या यात दुसराच कुणी ट्रकवाला अडकायचा. एवढं बोलून शांतपणे आत शिरला. मला पाठ दाखवून." त्यांनी गळ्यावरचा वळ चोळला. "मागचं चाक उचललं की हब कशाला लॉक लागतो, हे त्यानेच शिकवलं होतं मला. मी हब सोडला. हातोडा घेतला. तेवढ्यात आतून आवाज आला. मास्तर, जरा बॅटरीचा उजेड धरा ना इकडे, ब्रेकची नळी दिसत नाहीये."

"मग?"

"मग मी ठोकळा ठोकला."

ताईने चांगल्या हाताने घड्याळ उचललं. उठली, टेबलाशी गेली आणि ते पाचव्या रेघेत ठेवलं. लांब शेपटी लांबीवर, तुटकी तुटक्यावर. रेघेच्या बाहेर काहीच गेलं नाही. दादाचा हात पक्का होता.

७

टायर अडगळीतच सापडला. आतल्या बाजूने वीतभर फाटलेला, मोटारसायकलच्या ब्रेकचा तुकडा अजून त्यात रुतलेला.

मास्तरांची मुलगी महिन्याने गॅरेजवर आली. फाटकातच उभी राहिली. म्हातारीच्या कागदांवर आता तिचं नाव लागलं होतं आणि ती गाडी तिला नको होती. ताईने तिला आत बोलावलं, स्टुलावर बसवलं.  काय बोलणार? एकीच्या बापाने दुसरीचा भाऊ मारला होता.

"बाबांना भेटायला जाते मी," मुलगी म्हणाली. "जाऊ नको का?"

"जा," ताई म्हणाली. "तुझा बापच आहे तो." आणि जरा थांबून, "मला मात्र त्यांचा निरोप सांगत जाऊ नको."

मुलगी गेल्यावर डेंटर आला. त्याच्या हातात चहाचे दोन पेले होते. एक धाकट्यापुढे धरला. धाकट्याने पेल्याकडे पाहिलं, डेंटरकडे पाहिलं.

"फॅनबेल्टने ढवळलास का?"

डेंटरने पेला तसाच पुढे धरून ठेवला. धाकट्याने पेला घेतला, पण प्यायला नाही. टेबलावर ठेवला.

एक जुनी फोर बाय फोर दारात उभी होती, दुसऱ्या गावाहून आलेली. मागून तेल गळत होतं. धाकट्याने ठोकळे लावले, चाक उचललं, पाठीखाली पोतं टाकलं आणि आत सरकायला लागला.

ताई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन दुकानात बसली होती. तिथूनच ओरडली, "धाकट्या! घोडी?"

"लावली गं."

"एक की दोन?"

 धाकटा परत बाहेर सरकला, उठला, भिंतीशी गेला आणि दुसरी घोडी फरफटत आणायला लागला. लोखंडाचा तो आवाज आवारभर घुमला. ती नीट जागेवर बसेपर्यंत ताईने चांगल्या हातात घण घेतला नाही.